केशोरीच्या मिरचीला तीन बटणं

समजा, पुण्यातल्या तिघांच्या असं लक्षात आलं की महाराष्ट्रापुढचा सर्वांत तातडीचा प्रश्न म्हणजे हॉटेलातला पनीर बटर मसाला घरी जमत नाही. पाऊस, पीकविमा, धानाचा बोनस हे प्रश्न आहेतच, पण त्यांच्यावर ॲपं निघून चुकलेली आहेत. हा एकच बिनॲपचा उरला होता. तिघांपैकी एक चित्रं काढतो, एक कोड लिहितो आणि तिसरा बैठका बोलावतो. गुंतवणूकदार म्हणाला, शहरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असली चार ॲपं आधीच झोपलेली आहेत, तुम्ही खेड्यात जा. तिघांनी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली केशोरी निवडली. निवड अगदी शास्त्रशुद्ध होती. त्यांच्या नकाशावर तिथे खाण्याच्या जागेचा एकही ठिपका नव्हता.

गाडीतून उतरून त्यांनी ॲप उघडलं. टॉवरच्या मर्जीने चक्र बराच वेळ गरगरलं आणि मग पाटी आली : ‘आपल्या परिसरात ० रेस्टॉरंट. काळजी नको, आम्ही आहोत!’ ही पाटी वाचली तेव्हा तिघांच्या हातात गरम आलूबोंडे होते. पण ज्या हॉटेलात ते तळले गेले तिथे मेन्यू कार्ड नव्हतं, म्हणून ॲपच्या व्याख्येत ते हॉटेल बसत नव्हतं.

या शून्याच्या परिसराची जरा ओळख करून द्यायला हवी. गोठणगावजवळ १९७०च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे आणि मोमो-थुक्पा हे तिथलं घरचं जेवण आहे. याच तालुक्यात अरुणनगरला पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं राहतात. त्यांच्या मोहरीच्या वाटणाला आणि माशाला कुणाच्या ॲपची वाट पाहावी लागलेली नाही. जुन्या मालगुजारी तलावांत, ज्यांतले पुष्कळ कोहळी लोकांनी खपून बांधले, मासळी आणि झिंगे मिळतात. टोल्याटोल्यांवर गोंड घरं आहेत, त्यांना जंगलातली कुठली भाजी कोणत्या पावसात उगवते हे तोंडपाठ असतं. ॲपमध्ये मोमो ‘परदेशी’ विभागात होते, शेजारी लाल ड्रॅगन. मंच्युरियन ‘अस्सल चिनी’त होता. तो तर १९७५ साली नेल्सन वांग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात हिरवी मिरची, आलं, लसूण आणि सोया सॉस एकत्र करून जन्माला घातला. म्हणजे चिनी मुंबईचा निघाला आणि तिबेटी शेजारचा. साऱ्या यादीत परदेशी म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे ॲप.

आता मुख्य पदार्थ. हॉटेलच्या मुदपाकखान्यात पनीर बटर मसाला तुम्ही मागितल्यावर कुणी रांधायला घेत नाही. सकाळीच मोठी पातेली चढलेली असतात : टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी, कांद्याची तपकिरी. रात्री गिऱ्हाईक चार पानी कार्डावर बोट फिरवत, बायकोशी सल्लामसलत करून, वेटरला ‘इथलं स्पेशल काय’ असं विचारून जे ठरवतं, ते म्हणजे या पातेल्यांतून किती डाव घ्यायचे याचा हिशेब असतो. लालमध्ये पांढरी वाढवली की ‘शाही’. तपकिरीत ढोबळी मिरचीचे तुकडे पडले की ‘कढई’. रंग भडक करून वर एक अख्खी मिरची ठेवली की ‘कोल्हापुरी’, कोल्हापूरकरांची परवानगी न घेता. वरून लोणी, चुरडलेली कसुरी मेथी, क्रीमची नागमोडी रेघ. खाली १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर भडकलेली शेगडी. घरचं सिलिंडर १४.२ किलोचं असतं आणि ते पुरवून वापरायचं असतं.

तेव्हा प्रामाणिक ॲपची पहिली ओळ अशी हवी : ‘प्रथम चाळीस माणसांची ग्रेव्ही तयार करून घ्या.’ तिघांनी लिहिलं, ‘फक्त २० मिनिटांत!’ या उद्गारचिन्हावर म्हणे दोन बैठका झाल्या.

बटर चिकनचंही तेच. हा पदार्थ पहिल्यांदा कोणी केला यावरून जानेवारी २०२४मध्ये मोती महल आणि दर्यागंज या दोन हॉटेल-घराण्यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं. दावा २,७५२ पानांचा. आमच्या तिघांनी तो पदार्थ सात चित्रांत बसवला, त्यातलं सातवं चित्र ‘मित्रांना पाठवा’ हे होतं.

चाचणीसाठी त्यांनी एक घर गाठलं. घरच्या बाईला ते ‘मावशी’ म्हणत, पण त्यांच्या फाइलीत तिचं नाव ‘गृहिणी क्रमांक २’ होतं. क्रमांक १ रोवणीला गेलेली होती. मावशीने मोबाइल दूर धरून वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडली. “काहून जी, काजू टाकल्याबिगर भाजी शिजत नाई का?” कोडवाल्याने ही अडचण ‘सुधारणा क्रमांक १४’ म्हणून नोंदवली आणि काजूऐवजी बदाम सुचवला.

पुढे भात आला. ‘लांब दाण्याचा बासमती घ्या.’ हे कुठे सांगितलं, तर धानाच्या जिल्ह्यात. चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे यांनी शेताच्या बांधावर निरीक्षण करून करून जे वाण निवडलं, त्याला मनगटावरच्या घड्याळाचं नाव मिळालं आणि एचएमटी तांदूळ देशभर गेला. ॲपच्या यादीत एचएमटी सापडला नाही. शोधल्यावर घड्याळांची जाहिरात मात्र आली.

गॅस संपत आला होता म्हणून मावशी चुलीकडे वळली. ॲपमध्ये आचेची तीन चित्रं होती : लहान, मध्यम, मोठी ज्योत. चुलीतली लाकडं किती आत सारायची याचं चित्र नव्हतं. चित्रकाराने लगेच ‘चूल मोड’ सुचवला, पडदा काळा, अक्षरं केशरी. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईला काळोख वेगळा पुरवावा लागत नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग तो तिखटाचा पडदा आला, ज्यावर तिघांचा फार जीव होता. एक मिरची म्हणजे कमी, दोन मिरच्या म्हणजे मध्यम, तीन मिरच्या म्हणजे जास्त. मिरचीचा तिखटपणा मोजायची खटपट अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली केली होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पाणी लागलं ते लिहून ठेवायचं. तेवढीसुद्धा खटपट करायला तिघांना सवड नव्हती. त्यांनी मिरच्यांचे फोटो मागवले आणि त्यांतला चकचकीत निवडला.

केशोरीचा परिसर मिरचीसाठीच ओळखला जातो. मावशीने विचारलं, “कोनती मिरची, बाबू? यंदाची का मागची? देठासकट कुटलेली का देठ काढून?” ॲपने उत्तर दिलं : ‘लाल तिखट, १ चमचा.’ चमचा केवढा, हेही विचारायचं तिच्या मनात होतं. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया दिल्या, १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापांत लिहिली, आणि ती पुस्तकं वापरणाऱ्या बायकांनी आपापल्या घरची वाटी ठरवून घेतली. त्या पुस्तकांना तारेही द्यावे लागत नसत. ज्या पानावर हळदीचे डाग जास्त, ती कृती चांगली. ॲपच्या काचेवर डाग पडला तर पुढचं पान उघडतं.

असो. मावशीने तीन मिरच्यांचं बटण दाबलं आणि आपल्या अंदाजाने तिखट घातलं. बैठका बोलावणाऱ्याने पहिला घास घेतला. त्याचे डोळे वाहू लागले, नाक वाहू लागलं, त्याला काही बोलता येईना. अहवालात नोंद झाली : ‘पदार्थाशी वापरकर्त्याचं घट्ट भावनिक नातं.’

शेवटी भूक लागली तेव्हा तिघे जेवायला बसले. मावशीने पनीर बाजूला सारून घरचं वाढलं : भात, आणि वास्त्यांची भाजी. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यातले. ते बारीक चिरायचे, भिजत ठेवायचे, उकळून वरचं पाणी टाकून द्यायचं आणि मगच फोडणीला घालायचे, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. मावशीला सायनाइड माहीत नव्हतं, पाणी टाकायचं माहीत होतं. तिघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चित्रकाराने फोटो काढला, कोडवाल्याने कृती टिपून घेतली. पाणी टाकण्याची ओळ टिपताना बैठकवाल्याचा फोन वाजला होता.

पुढच्या महिन्यात ॲपची नवी आवृत्ती आली. वास्त्यांची भाजी ‘वनभोजन स्पेशल’ या सदरात होती. तयारीची वेळ १५ मिनिटं. भिजवणं नाही, उकळणं नाही, मात्र ‘वास्ते न मिळाल्यास बेबी कॉर्न वापरा’ अशी सूचना होती आणि शेवटी काजू होते. संपूर्ण कृती पाहायला १९९ रुपये भरायचे होते. मावशीने पैसे भरले नाहीत, पण तारे पाचही दिले. फोटोत तिची नवी कढई झकास आली होती.