भिंत, खळ आणि प्रश्नोत्तरे

रस्त्यावरची चित्रकला कलासंग्रहालयात आणायची तर पहिली अडचण दाराची. चित्र भिंतीवर असते आणि भिंत दारातून आत येत नाही. लंडनच्या टेट मॉडर्नने २००८ साली स्वतःचीच बाहेरची भिंत देऊन हा प्रश्न सोडवला. थेम्सकडे तोंड केलेली ही इमारत मुळात वीजकेंद्राची. तिच्या विटांवर २३ मे ते २५ ऑगस्ट या काळात बोलोन्याचा ब्लू, न्यूयॉर्कचा फेल हा गट, पॅरिसचा जेआर, बार्सिलोनाचा सिक्सआर्ट आणि साओ पावलोचा नुंका आणि तिथलेच ओस जेमेओस हे जुळे भाऊ यांची कामे झळकली. परवानगीवाचून रंग फासला तर पोलीस येतात. परवानगीने फासला तर प्रायोजक येतो. इथे तो मोटारगाडीचा होता. शेजारच्या सदर्क भागात माद्रिदच्या चित्रकारांची कामे पाहत पायी हिंडण्याचीही सोय होती.

अशा प्रदर्शनांना व्याख्याने जोडलेली असतात. वक्ता अंधारात कुंपण ओलांडून पळाल्याचे किस्से सांगतो आणि वातानुकूलित सभागृह माना डोलावते. श्रोत्यांतला एक ठळक नमुना म्हणजे प्रस्तुत लेखक. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, काळा कुर्ता, मांडीवर कोरी वही. प्रश्नोत्तरे सुरू होताच हा प्राणी उभा राहतो आणि ‘प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ असे बजावतो. निरीक्षणात बंडखोरी येते, तत्त्वज्ञ वॉल्टर बेन्यामिन येतो, प्रश्न मात्र शेवटपर्यंत येत नाही. सोसायटीच्या नव्याने रंगवलेल्या कुंपणभिंतीवर कोणी बदामात दोन नावे कोरली, की सीसीटीव्ही बसवण्याचा ठराव हाच मांडतो.

या निरीक्षणात कधीच न येणाऱ्या खळीविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. जेआर मोठाली छायाचित्रे कागदावर छापून भिंतींना डकवतो. या परंपरेचा कणा म्हणजे खळ. मैदा गार पाण्यात कालवून आधी गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, तकाकी आली की उतरवायचे. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पातळ झाली तर कागद घसरतो, घट्ट झाली तर सुरकुततो. भिंतीला एक हात, कागद, वरून पुन्हा एक हात, आणि फुगे मधून कडेकडे सारायचे. रस्त्यावरचाच चित्रकार बँक्सी याने २००३ साली टेट ब्रिटनमध्ये आपले चित्र गुपचूप भिंतीला चिकटवले आणि काही तासांतच ते सुटून खाली पडले. गिरगावात सिनेमाची पोस्टरे लावणाऱ्या कोणालाही त्याची कीव आली असती. बादली, कुंचला आणि शिडी घेऊन रात्रभर हिंडणाऱ्या त्या माणसाच्या हातात हे सगळे शास्त्र होते. त्याला व्याख्यानाला कोणी बोलावले नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा १९९५ साली आला, तेव्हा त्याच्या कामाला विद्रूपीकरण हे नाव मिळाले. कलेचे नाव कधी मिळालेच नाही.

हा भेद लंडनमध्येही पुसला गेला नव्हता. प्रदर्शन चालू असतानाच, जुलै २००८ मध्ये, त्याच नदीकाठच्या सदर्क क्राउन कोर्टाने डीपीएम नावाच्या टोळीतल्या तरुणांना रेल्वेगाड्या आणि भिंती रंगवल्याबद्दल तुरुंगात धाडले. नुकसानीचा आकडा सुमारे १० लाख पौंड सांगितला गेला. टेट मॉडर्नच्या भिंतीवर जेआरच्या छायाचित्रातला चित्रपटकार लाद्ज ली व्हिडिओ कॅमेरा बंदुकीसारखा रोखून उभा होता आणि त्याच्यासमोर पर्यटक आपले फोटो काढून घेत होते. त्या तरुणांपैकी कोणी हे चित्र पाहिले असेल, तर त्याला काय वाटले असेल हे विचारण्यासाठी कोणत्याही सभागृहात ध्वनिक्षेपक फिरवला जात नाही. फिरवला, तरी तो आधी दुसऱ्या रांगेत अडकेल.

प्रदर्शन संपल्यावर चित्रे भिंतीवरून काढून टाकली गेली आणि विटा पुन्हा विटांसारख्या दिसू लागल्या. क्यूरेटर सिडर ल्युइसन यांचे याच विषयावरचे टेटने काढलेले पुस्तक मात्र टिकून आहे. प्रस्तुत लेखकाकडची प्रत दिवाणखान्यात, पाहुण्यांना मुखपृष्ठ दिसेल अशी, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहे.