सालीवर काय लावलंय, ते सांगा

फळांना मेण लावायला आपल्या कायद्याची परवानगी आहे. मधमाश्यांचं, ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा, नाहीतर लाखेचं. अट अशी की मेण लावल्याचं आणि कोणतं लावलं ते लेबलवर छापायचं. आता कुणीतरी सांगा, हातगाडीवरून किलोनं घेतलेल्या संत्र्यांवर हे लेबल कुठे असतं? खोक्यावर असलंच, तर ते खोक्याबरोबर भंगारात जातं.

मेणाशी माझं भांडण नाही. पॅकहाउसमध्ये ब्रशखाली फळ धुतलं की सालीवरचं मूळचं मेण निघतं. ते भरून काढलं नाही तर फळ सुरकुततं. वरूड-मोर्शीचा माल दूरच्या बाजारात टवटवीत पोचायचा, तर कोटिंग हवंच. पोटात गेलेलं थोडंसं मेण पचत नाही, तसंच बाहेर पडतं. पण लाख म्हणजे किड्याचा स्राव. कंदमुळंसुद्धा वर्ज्य मानणाऱ्या जैन घरात हे कळायला नको?

खरा प्रश्न बुरशीनाशकाचा. जहाजानं लांबून येणाऱ्या संत्र्या-लिंबांना बरेचदा इमॅझालिल किंवा थायाबेंडाझोल लावतात, कित्येकदा थेट मेणातच मिसळून. इमॅझालिल तेलात सहज विरघळतं आणि सालीत तेलच असतं. नळाखाली धरून ते जाईल कसं? युरोपात काढणीनंतर लावलेल्या अशा रसायनाचं नाव छापणं बंधनकारक आहे. जर्मनीत लिंबांच्या जाळीवर ‘साल खाण्यायोग्य नाही’ असंही वाचायला मिळतं.

आणि आपण तर सालखाऊ माणसं! लिंबाचं लोणचं सालीसकट मुरवतो, संत्र्याच्या सालीची चटणी करतो, आता केकमध्येही साल किसतो. फळ सोलून खाणाऱ्यापेक्षा आपल्याला ही माहिती जास्त हवी.

तोवर लोणच्याला आपलं कागदी लिंबू घ्या, चकाकी नसलेलं, थोडं डागाळलेलं चालेल. चकचकीत आयात फळ सोलून खा, साल टाकून द्या. इथल्या संत्र्यावरचं मेण काढायचं तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात क्षणभर बुडवून ब्रशनं घासा आणि लगेच पुसा. किसताना रंगीत थरावरच थांबा, खालचा पांढरा भाग कडू. दुकानदाराकडे खोकं बघायला मागा, लाजू नका. अन्नसुरक्षा खात्यानं सुट्या फळांच्या भावाच्या पाटीवरच मेणाचं आणि औषधाचं नाव लिहायला लावावं. भाव लिहायला खडू असतोच, आणखी एक ओळ लिहायची आहे.