पट्टेबहाद्दर

पट्टेबहाद्दर दुकानात शिरले की दुकानदार आधी पोऱ्याला चहा आणायला पिटाळतो. स्वतःसाठी. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मोबाइलची कव्हरं, काचा, चार्जर आणि स्मार्टवॉचचे पट्टे विकणारे जे गाळे आहेत, त्यांतल्या निम्म्या गाळ्यांत त्यांना नावाने ओळखतात. उरलेल्या निम्म्यांत ते लांबून दिसताच ‘आले’ एवढंच म्हणतात.

वय साठीच्या पुढे, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये व्हर्नियर कॅलिपर. हो, कॅलिपर. दुकानदार ‘बसतो काका, बिनधास्त न्या’ म्हणाला की त्यांचा हात आपोआप पिशवीत जातो. ‘बसतो म्हणजे काय? वीस का बावीस?’ बावीस मिलिमीटरचा पट्टा वीसच्या खाचेत कोंबता येतो, पण कडा चुरगळतात. वीसचा बावीसमध्ये घातला तर दोन्ही अंगांना एकेक मिलिमीटरची फट राहते. त्यातली पिन दिसते. पट्टेबहाद्दरांच्या मते लोकांचं लक्ष आधी तिथेच जातं. लोकांचं लक्ष त्यांच्या सदऱ्याच्या तुटक्या बटणाकडे जातं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

समोरचं घड्याळ ॲपलचं निघालं तर प्रकरण गोत्रावर जातं. ३८, ४० आणि ४१ मिलिमीटरची घड्याळं हे एक गोत्र. ४२, ४४, ४५ आणि अल्ट्राचं ४९ हे दुसरं. इथे लग्न सगोत्रच लागतं. २०१५च्या पहिल्या घड्याळापासून हा व्यवहार सुरळीत चालला होता. मग २०२४मध्ये दहाव्या सिरीजचं ४२चं घड्याळ आलं आणि ते धाकट्या गोत्रात जाऊन बसलं! म्हणजे जुन्या ४२चा पट्टा नव्या ४२ला लागत नाही. ही बातमी त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितली, तेव्हा आवाज खाली आणला होता. त्यांचं स्वतःचं घड्याळ ॲपलचं नाही. तरीही.

त्यांचं घड्याळ मुलाने परदेशातून पाठवलेलं. वडिलांनी चालावं, झोपावं, तब्येत सांभाळावी, असा त्यामागचा विचार. घड्याळानेही तो फार मनावर घेतला. बसले की ‘उठा’, उठले की ‘चाला’, रात्री जागले की सकाळी झोपेला शंभरपैकी पंचावन्न गुण. ज्या माणसाने उभ्या नोकरीत इतरांच्या बिलांवर शेरे मारले, त्याच्या झोपेवर आता रोज शेरा! घड्याळाची तबकडी बदलली तर ते मुलाला व्हिडिओ कॉल लावून, पासवर्ड बदलला तर तोही मुलाच्याच संमतीने. पट्टा मात्र त्यांचा. तो कोणता, किती घट्ट, कुठल्या दिवशी, यात घड्याळाला मत नाही. मला वाटतं, सगळी गोम इथे आहे.

संग्रह बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात असतो. सिलिकॉनचे दिवसभराच्या वापराला; घाम धुता येतो. चामड्याचे फक्त दिवाळी ते होळी, कारण पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. चुंबकाने चिकटणारा मिलानी जाळीचा पट्टा लग्नाकार्याला. तो दिसतो देखणा, पण मनगटावरचे केस उपटतो, त्यामुळे मंगलाष्टकांच्या वेळी त्यांचे डोळे पाणावतात आणि वधूपक्षाचा गैरसमज होतो. एकदा रबरबँड सापडेना म्हणून काकूंनी पोह्यांच्या पिशवीला निळा सिलिकॉनचा पट्टा आवळला. पट्टेबहाद्दर रागावले नाहीत. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली, एक पोहा सांडला नाही, आणि त्या दुकानाबद्दलचं त्यांचं मत सुधारलं.

नवरात्रात त्यांना उसंत नसते. वर्तमानपत्रात नऊ रंग छापून आले की बायका कपाट उघडतात, हे डबा उघडतात. लाल, पिवळा, हिरवा घरात असतोच. अडतं ते मोरपंखी आणि राखाडीपाशी. ‘हा घ्या ना काका, राखाडीच आहे,’ असं म्हणून दुकानदार हमखास काळा पट्टा उन्हात धरतो.

पण त्यांचं खरं प्रेम नाटो पट्ट्यावर. नायलॉनची एकसंध लांब पट्टी, घड्याळाच्या पोटाखालून जाणारी. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९७३मध्ये तिचं प्रमाण ठरवलं, आणि सैनिकाला ती हवी तर जी-टेन नावाचा फॉर्म भरून भांडारातून घ्यावी लागे. वस्तू मिळवायला फॉर्म भरावा लागतो, यानेच ते आधी विरघळले. पट्टा चढवून वेताळ टेकडीवर गेले. आता या घड्याळांच्या पोटाखाली हिरवा दिवा असतो; तो कातडीवर उजेड टाकून रक्ताच्या हालचालीवरून ठोके मोजतो. नाटो पट्टा नेमका त्याच दिव्यावरून जातो. घामाघूम होऊन काका माथ्यावर पोचले, आणि ठोक्यांच्या जागी दोन आडव्या रेघा. घड्याळाच्या लेखी मनगटात कोणी नव्हतंच.

‘बघ,’ ते मला अभिमानाने म्हणाले, ‘तासभर एक शब्द बोललं नाही.’

भाच्याच्या लग्नासाठी त्यांनी काकूंच्या पैठणीच्या ब्लाउजपिसातून उरलेल्या काठाचा पट्टा शिवून घेतला. शिंप्याने मोरांची तोंडं उलटी लावली. लग्नात ते हात खांद्याच्या वर धरून वावरले, म्हणजे मोर सुलटे दिसावेत.

परवा मनगटावर लाल चकंदळ उठलं. पट्ट्याखाली घाम आणि साबण साचला की असं होतं, डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि हात आठ दिवस मोकळा ठेवायला सांगितलं. काकूंनी डबा उचलून माळ्यावर टाकला. म्हटलं, चला, आता माणूस जरा वाचन करील. तिसऱ्या दिवशी ते मला लक्ष्मी रस्त्यावर दिसले. डावा हात मोकळा होता, सल्ला तंतोतंत पाळलेला. घड्याळ उजव्या हातात.

‘अहो, पण डॉक्टर म्हणाल्या ना?’

‘डाव्या हाताबद्दल म्हणाल्या,’ ते म्हणाले. लेखापालाला कागदावर नसलेलं मान्य नसतं. ‘पण घोटाळा असा की उजवं मनगट माझं एका भोकाने जाड आहे. मोजलं मी. म्हणजे डब्यातले सगळे आता एक माप मोठे हवेत.’

आणि सिग्नल सुटायच्या आत ते पासोड्या विठोबाच्या दिशेने वळले.