जायबंदी पैलवान

कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत पहाटे डोकावा. हौद्यात पोरं लढत असतात आणि कडेच्या कट्ट्यावर एक गडी पाय लांब करून बसलेला असतो. कान फुटलेले, गुडघ्याला पट्टा आणि कमरेला लंगोट. लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी नऊ महिने कुस्ती बंद सांगितलीय. मग लंगोट कशाला? “गुडघा गेलाय, पैलवानकी न्हाई गेली!”

कुस्ती बंद म्हणजे मेहनत बंद, हे त्याला मंजूर नाही. एका पायावर जोर काढतो. एकदा नुसत्या हातांच्या बळावर दोरावर चढला. वर पोचल्यावर आठवलं, की उतरताना आपण नेहमी खाली उडी टाकतो. मग हात भरून येईपर्यंत लोंबकळत राहिला. शेवटी खालून चौघांनी झेलून उतरवला. वस्तादांनी त्याच दिवशी त्याला थंडाईचे बदाम घोटायला बसवलं. दुखापत गुडघ्याला आहे, पोटाला नाही. घोटता घोटता बदाम कमी होतात, अशी पोरांची तक्रार आहे.

त्याचा खरा राग फिजिओथेरपीवर. “पाचशे बैठका मारणाऱ्या गड्याला ती पोरगी टॉवेल दाबायला सांगती!” गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. पहिल्याच दिवशी मांडी लटालटा कापायला लागली, तेव्हा टॉवेलच निकृष्ट निघाला. हल्ली हा व्यायाम तो घरी, दार लावून करतो.

बसून बसून जीभ मात्र तयार झालीय. “पट काढ! मान वर! आरं, ढाक लागतीया, दिसंना व्हय?” लढणाऱ्याला माती दिसते, ह्याला डाव दिसतो. पोरं वैतागतात, पण सांगितलेलं करतात, कारण बरोबर असतं. खासबागेत मैदान असलं की हा सगळ्यांच्या आधी हजर. शाहू महाराजांनी हे मैदान 1912 साली उभं केलं, हे शेजाऱ्याला सांगता सांगता हलगी कडाडते आणि ह्याच्या अंगात येतं. शड्डू ठोकतो, पण चांगल्या मांडीवर. तेवढं भान आहे.

परवा एका पोराचा गुडघा मुरगळला. पोरगं पट्टी गुंडाळून पुन्हा हौद्यात उतरायला निघालं, तसा हा कट्ट्यावरून गरजला, “खबरदार! डाक्टर सांगंपर्यंत मातीला पाय लावायचा न्हाई!” वस्तादांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. हा मात्र पोराला शेजारी बसवून, आपल्या पिशवीतली गुंडाळी त्याच्या गुडघ्याखाली सरकवत होता.

पोरगं हसलं.

“हसू नगंस,” तो म्हणाला. “टॉवेलाला हलका जोड समजू नगंस.”