आता काय घालताय?

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की घराघरांतल्या टीव्हीवर पुन्हा स्वयंपाक सुरू व्हायचा. नुकत्याच स्वयंपाकघरातून सुटलेल्या बाईला दुसऱ्या बाईचा स्वयंपाक बघत बसावंसं का वाटावं, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. कचेरीतून घरी आलेला कारकून काही विरंगुळा म्हणून दुसऱ्या कचेरीतल्या फायली चाळत बसत नाही.

नवे पदार्थ शिकायला मिळतात म्हणून, असं म्हणावं तर पाककृतींचा दुष्काळ मराठी घरात कधीच नव्हता. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात एका पुस्तकाची भर पडली. तराजू नाही, ग्रॅम नाहीत. मापं सगळी वाटीची आणि चमच्याची. आमच्याकडच्या प्रतीत अनारशांचं पान कोरं करकरीत आहे आणि बेसनाच्या लाडवांचं पान तुपाने पारदर्शक झालंय. घरात काय जमतं आणि कशाच्या वाटेला कुणी जात नाही, हे त्यावरून परक्यालाही कळावं.

मग १९९३ साली झी टीव्हीवर 'खाना खजाना' आलं आणि संजीव कपूर घरात शिरले. हसरा चेहरा, गोड बोलणं, कपाळावर घामाचा थेंब नाही. पुरुषाने स्वयंपाक करावा तर असा, असं बायका म्हणू लागल्या. पुरुषांनी त्यातलं हसणं तेवढं उचललं. ज्या घरी पाहुणे आले की बटाट्याची भाजी, पुरी आणि श्रीखंड ठरलेलं, तिथे 'शाही' अमुक आणि 'मखनी' तमुक होऊ लागलं. पनीर तेव्हा जे आलं ते आलंच. चार वाजता उपम्यावर भागणारी मुलं 'आज वेगळं काय?' असं विचारू लागली, हा त्याचा दुष्परिणाम.

पण टीव्हीवरच्या स्वयंपाकाची खरी शान त्या वाट्यांत असते. काचेच्या, एकसारख्या, ओळीने मांडलेल्या. एकीत मोहरी, एकीत हिंग, एकीत चार कढीपत्त्याची पानं. घरी कांदा चिरता चिरता तेल तापतं, मोहरी तडतडायला लागल्यावर हिंगाची डबी सापडत नाही, तेवढ्यात दाराची बेल वाजते. तिथे मात्र सगळं हाताशी. डाळ भिजायला चार तास लागतात म्हणावं, तर ओट्याखालून भिजलेली डाळ हजर: 'ही आपण आधीच भिजवून ठेवली आहे.' या 'आपण'मधला नेमका कोण पहाटे उठला होता, ते सांगत नाहीत. आणि त्या वाट्या धुताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. २०१७ साली शेफ विष्णू मनोहर यांनी नागपुरात सलग ५३ तास स्वयंपाक केला. त्यांच्या चिकाटीला नमस्कारच. पण माझं मन राहून राहून मोरीकडे जातं.

२०१०मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आलं आणि स्वयंपाकाला घड्याळ लागलं, परीक्षक आले, हुंदके आले. मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध घासभर भाजी आणि तिच्यावर कोथिंबिरीचं एक पान. आपल्या पंगतीत मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे हे केव्हाच ठरलेलं आहे. फक्त त्याबद्दल कुणी बक्षीस दिलं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते झी मराठीवरच्या 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये. २००७ साली तो कार्यक्रम सुरू झाला. तिथे नामांकित शेफ नव्हे, तर तुमच्या-आमच्या घरातल्या गृहिणी यायच्या. ठेवणीतली साडी, हातात झारा, आवाजाला जरा कंप. शेजारी प्रशांत दामले. रंगभूमीवर हाउसफुल्लचा बोर्ड लावणारा हा माणूस त्या बाईंना उत्सुकतेने विचारायचा, 'आता काय घालताय?' बाई म्हणायच्या, 'धणे-जिरे पूड.' 'अरे वा!' धणे-जिरे पुडीला 'अरे वा'! आणि शेवटी पहिला घास घेऊन, डोळे मिटून, मान डोलावून दाद.

घरातली दाद वेगळी. आमटी उत्तम झाली असेल तर सगळे गप्प जेवतात. बोललंच कुणी तर मीठ कमी आहे. ताटातलं संपलं याचा अर्थ आवडलं, असा करार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि त्यावर सही फक्त एकाच बाजूची आहे. त्या दुपारच्या अर्ध्या तासात पदार्थ कुठला होता याला फारसं महत्त्व नव्हतंच. एक बाई स्वयंपाक करतेय आणि एक माणूस हातातलं सगळं सोडून तिच्याशेजारी उभा राहून बघतोय, हे बघायला बायका बसत होत्या.

हे लक्षात आल्यावर मी परवा स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याशी उभी, कढईत काहीतरी परतत होती. मी शेजारी उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या उत्सुकतेने विचारलं, "आता काय घालतेस?"

तिने गॅस बारीक केला, वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "का हो? कालची भाजी खारट झाली होती का?"