आहेराची वही: एच-इंडेक्स वाढवू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी

नवीन लागलात ना? अभिनंदन. मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालं की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पदरात पडतात: बायोमेट्रिकच्या यंत्रात अंगठा, धड न बंद होणारा ड्रॉवर आणि एचओडींचा प्रश्न, "पेपर किती झाले?" स्लाइड किती पाहिल्या, निदान किती बरोबर आलं, हे कोणी विचारत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका. ती लिहिणारी बाई बावीस वर्षं पॅथॉलॉजी शिकवते आणि तिचा स्वतःचा एच-इंडेक्स चार आहे. पोहायला शिकवणारे गुरुजी काठावरच उभे असायचे, तसं समजा.

आधी हे एच-इंडेक्स प्रकरण काय आहे ते पाहू. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने ते काढलं. आपले सगळे पेपर सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी संदर्भ दिल्याच्या, उतरत्या क्रमाने मांडायचे आणि वरून मोजत यायचं. पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा झाला की थांबायचं. समजा तुमच्या पेपरांना ४०, १८, ९, ६, ५, ५, २ अशी सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला पाच आहेत, चाललं. सहाव्याला सहा हवी होती, पाचच आहेत. तुमचा एच-इंडेक्स पाच. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४० हजार सायटेशन असती तरी पाचच. म्हणजे आयुष्यात एकच पेपर लिहून जग हलवलंत, तर तुमचा एच-इंडेक्स एक. असला अविचार करू नका.

हा आकडा चढतो, उतरत नाही. माणूस निवृत्त झाला तरी चढतो, वारला तरी चढतो.

पायरी पहिली: सायटेशन म्हणजे आहेर, हे मनावर ठसवा. आमच्या घरी लग्न उरकलं की आजी निळ्या शाईचं पेन आणि लांबोडकी वही घेऊन बसायची. कोणाकडून स्टीलचा डबा, कोणाकडून एकशे एक, कोणी नुसतंच जेवून गेलं. पुढे त्या घरचं लग्न निघालं की वही उघडायची आणि तेवढंच परत करायचं, फार तर दहा रुपये वर. मेडिकल संशोधनात हीच वही कॉम्प्युटरवर आहे. मी तुमचा पेपर माझ्या संदर्भांत घालते, तुम्ही माझा घाला. आजीच्या वहीत डबा चांगला की वाईट याची नोंद नसे, फक्त आला एवढीच असे. इथेही तसंच. अँड्र्यू वेकफिल्डने १९९८ मध्ये बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला आणि 'लॅन्सेट'ने तो पेपर २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतरही लोक त्याचा उल्लेख करत राहिले, बहुतेक त्याला नावं ठेवण्यासाठी. मोजणाऱ्या यंत्राला शिव्या आणि ओव्या यांतला फरक कळत नाही.

आहेराची देवघेव जपून करा. ब्राझीलमधल्या चार वैद्यकीय नियतकालिकांनी ती जरा उघडउघड केली. एकमेकांचा सायटेशनचा आकडा फुगावा म्हणून एकमेकांचे लेख संदर्भांत भरले आणि २०१३ मध्ये चारही जण त्या वर्षीच्या क्रमवारीतून बाहेर फेकले गेले. एकाच मांडवात बसून पाकिटं बदललीत तर दिसणारच. थोडं लांबच्या नातेवाइकांतून फिरवावं.

घरातल्या घरात आहेर करायला मात्र फारशी बंदी नाही. सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये आईक अँटकेअर नावाचा शास्त्रज्ञच जन्माला घातला. प्रोग्रॅमने लिहिलेले अर्थहीन शंभरेक पेपर, प्रत्येकात बाकी सगळ्यांचा संदर्भ. गूगल स्कॉलरने त्याला ९४ एच-इंडेक्स बहाल केला आणि या बाबतीत आइनस्टाइन मागे पडला. अँटकेअर निदान कागदोपत्री तरी शास्त्रज्ञ. २०२४ मध्ये दोघांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर हाच खेळ केला. बारा पेपर, १३२ सायटेशन, एच-इंडेक्स ११. लॅरी कोणाच्या तरी आजीचं मांजर. बावीस वर्षांत मी चारपर्यंत पोचले. असो.

पायरी दुसरी: नावं. पेपर लिहिण्याआधी नावांची यादी करा, कारण प्रमोशनच्या फाइलीत तुमचं नाव कितव्या जागी आहे हेच आधी बघतात. पीजी विद्यार्थ्याने तीन वर्षं राबून थिसिस केला, त्याचं नाव घालावंच लागतं. गाइडचं घालावं लागतं. एचओडींचं घातलं नाही तर काय होतं हे मला माहीत नाही, कारण न घातल्याचं मी पाहिलेलं नाही. माझ्याही यादीत एक पेपर असा आहे की त्याचा विषय मला छापून आल्यावर कळला. तो वाचला, बरा होता.

सहलेखक मिळत नसेल तर कुत्रा चालतो. पॉली मॅट्झिंगर या इम्युनॉलॉजिस्टबाईंना 'असे करण्यात आले' ही कर्मणी भाषा आवडेना आणि एकटीने 'मी' म्हणायला धीर होईना. मग त्यांनी 'आम्ही' लिहिलं आणि १९७८ च्या 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मध्ये गॅलाड्रिएल मर्कवुड हे आपल्या अफगाण हाउंडचं नाव सहलेखिका म्हणून दिलं. कुत्री निदान प्रयोगशाळेत यायची तरी. आपल्याकडच्या काही सहलेखकांबद्दल एवढंही म्हणता येत नाही.

पायरी तिसरी: एका कोहळ्याच्या किती फोडी? दोनशे रुग्णांचा अभ्यास झाला असेल तर तो सगळा एका पेपरात ओतणं म्हणजे उधळपट्टी. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, हिमोग्लोबिनचा वेगळा, प्लेटलेटचा वेगळा. उरलेल्या सालींचं लेटर टू द एडिटर.

छापायचं कुठे? काळजी नको, तेच तुम्हाला शोधत येतील. पहिला पेपर छापून आला की पंधरा दिवसांत पत्रं सुरू होतात. परवाचं एक माझ्यासमोर आहे. संबोधन 'आदरणीय थोर महोदय', माझ्या 'गौरवशाली योगदानाने' संपादक मंडळ भारावलेलं, आणि मागणी पशुवैद्यकाच्या अंकासाठी लेखाची. मुदत शुक्रवारपर्यंत, रिव्ह्यू तीन दिवसांत, फी डॉलरमध्ये, भारतीयांना सवलत. असल्या नियतकालिकांची यादी कोलोरॅडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी बरीच वर्षं ठेवली आणि २०१७ मध्ये ती उतरवली. आपल्याकडे यूजीसीने मान्यता दिलेल्या नियतकालिकांची यादी पुण्याच्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने २०१८ मध्ये तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत शिरलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. शिफारस आपण प्राध्यापकांनीच केली होती, हे ओघाने आलंच.

रिव्ह्यूअर कडक असेल तर? २०१२ मध्ये वनौषधींवर काम करणारा एक कोरियन संशोधक पकडला गेला. तो संपादकांना रिव्ह्यूअरची नावं सुचवी, त्यांचे ईमेल पत्ते स्वतःच उघडलेले असत आणि आपल्या पेपरवर आपणच अभिप्राय लिही. मजकूर ठीक होता. चूक एकच, अभिप्राय चोवीस तासांत परत जायचे. खरा रिव्ह्यूअर दोन महिने उत्तर देत नाही, तिसऱ्या महिन्यात आठवण केली की चार ओळी खरडतो. संपादकांना संशय आला तो तत्परतेचाच. घाई नडते ती अशी.

इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द आता कानावर पडेलच. यूजीन गारफील्ड या फिलाडेल्फियाच्या गृहस्थांच्या डोक्यातून तो आला. मागच्या दोन वर्षांच्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढंच गणित. ग्रंथालयाने कोणतं नियतकालिक घ्यावं यासाठी ते बरं होतं. माणसाला प्रोफेसर करावं की नाही, हे त्यावरून ठरवायची अक्कल नंतर आली. आणि सरासरीचं काय असतं, चाळीत एका बिऱ्हाडाला लॉटरी लागली की सगळी चाळ कागदोपत्री श्रीमंत. स्फटिकशास्त्राच्या एका नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता. २००८ मध्ये त्यात एका सॉफ्टवेअरविषयी लेख आला, तो जो तो उद्धृत करू लागला आणि २००९ चा आकडा पन्नासाच्या घरात गेला. शेजारच्या खोल्यांत पाणी तेव्हाही सकाळी अर्धा तासच येत होतं.

इथवर समजलं असेल तर खरं गुपित सांगते. शोध लावू नका, पद्धत काढा. ऑलिव्हर लॉरी यांनी १९५१ मध्ये द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायची रीत लिहिली. निळा रंग किती गडद होतो ते बघायचं, बास. 'नेचर'ने २०१४ मध्ये यादी केली तेव्हा जगातल्या सगळ्या शास्त्रीय पेपरांत तो पहिला होता, तीन लाखांहून जास्त सायटेशन. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएचा पेपर पहिल्या शंभरात नव्हता. स्वयंपाकाची वाहवा होते, पण गावभर फिरते ती शेजारणीची किसणी.

शोधच लावायची हौस असेल तर शंभूनाथ डे यांची गोष्ट आधी ऐका. कलकत्त्यातले पॅथॉलॉजिस्ट. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडायचे आणि तो पाण्याने टम्म फुगतो का बघायचं, अशी त्यांची साधी रीत. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी वापरलं, तरी आतडं फुगलं. म्हणजे पाणी ओढतं ते जंतूंचं विष. 'नेचर'मध्ये छापून आलं आणि कित्येक वर्षं कोणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. डे १९८५ मध्ये गेले. त्यांच्यावर पुढच्याच वर्षी सविस्तर लेख लिहिला तो यूजीन गारफील्ड यांनी, म्हणजे सगळ्या जगाची आहेराची वही ज्यांनी शिवली त्यांनीच. वहीत नोंद उशिरा झाली, हे वहीच्या मालकाने लिहिलं.

आणि आपल्या घरचंच उदाहरण. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत सापडलेल्या एका वेगळ्या रक्तगटाबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. आज तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात गेलेल्या गोष्टीखाली मूळ पेपरचा संदर्भ सहसा कोणी घालत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावही दिलं होतं: काम इतकं अंगवळणी पडतं की करणारा पुसला जातो. एच-इंडेक्सच्या दृष्टीने यासारखं नुकसान नाही. तेव्हा पाठ्यपुस्तकात जाण्यापासून शक्यतो स्वतःला जपा.

आता जाता जाता एकच सूचना, ही खरी. रात्री ब्लड बँकेत ड्यूटी लागेल. बॉम्बे ग्रुपचं रक्त साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतं, आणि त्या माणसाला ओ रक्त दिलं तर त्याच्या शरीरातली अँटीबॉडी ते रक्त फोडते. तो ओळखू येतो रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, जिथे ओ सेलच्या नळीत गुठळ्या धरायला नको असतात आणि धरतात. पहाटे तीन वाजता, हाताशी टेक्निशियन नसला, नातेवाईक काचेवर टकटक करत असले, तरी ती नळी लावायला विसरू नका.