फक्त प्रोसेसर बदलायचाय

सदर मार्गदर्शन वडीगोद्री व पंचक्रोशीतील अशा समस्त मंडळींसाठी आहे, ज्यांच्या दुकानात एक जुना डेस्कटॉप, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बोटाचे ठसे घ्यायचं एक मशीन आणि एक अप्पा आहेत. अप्पा नसतील तर काम दुपारपर्यंत उरकतं. पुढे वाचायची गरज नाही.

प्रथम निदान. "सातबारा उघडंना, प्रोसेसर गेला," हे निदान नव्हे. टास्क मॅनेजर उघडावा. सीपीयूचा आकडा दहा-वीस टक्क्यांवर लोळतोय आणि डिस्क शंभरावर अडकलीय, असं दिसलं तर एसएसडी टाकावी, रॅम वाढवावी आणि घरी जाऊन जेवावं. दोन्ही आकडे निवांत असतील आणि कॅलेंडर ३१ जुलैच्या आसपास असेल, तर खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आलेली असून अख्खा महाराष्ट्र एकाच दारात उभा आहे. त्यावर कोणताही प्रोसेसर चालत नाही. हे अप्पांना सांगून पाहावं. अप्पा म्हणतात, "ते राहू दे, तू प्रोसेसरचं बघ."

नियम पहिला: नुसता प्रोसेसर बदलता येत नाही. अप्पांचा कोअर टू ड्युओ ज्या सॉकेटात बसतो त्याला ७७५ म्हणतात, कारण त्यात तेवढ्या पिना असतात. बाराव्या पिढीच्या आय-थ्रीला १७०० लागतात. म्हणजे मदरबोर्ड आला. नव्या बोर्डात डीडीआर-टूची रॅम बसत नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते, अंगठ्याने दाबून उपयोग नाही. रॅम आली. नवा बोर्ड प्रोसेसरसाठी बहुधा आठ पिनांची वायर मागतो, जुन्या एसएमपीएसला असतात चार. एसएमपीएस आला. आयडीईच्या डीव्हीडी रायटरला लावायला जागाच नाही, तो गेला. उरलं कॅबिनेट, आणि त्यावर कुठल्याशा दसऱ्याला कुंकवाने काढलेलं स्वस्तिक. त्या स्वस्तिकापोटी या सगळ्याला नवा कंप्युटर म्हणायचं नाही. काकूंना 'दुरुस्ती' सांगितलेली असते.

सगळं आताच कशाला, असं कोणी विचारलंच तर तारीख सांगावी: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी नि टीपीएम २.० लागतं. टीपीएम अप्पांना कळत नाही, मुदत संपली हे मात्र लगेच कळतं.

खरेदीला जालन्याला जा नाहीतर संभाजीनगरला. अप्पांना सोबत नेऊ नये.

कॅबिनेट उघडण्याआधी ते बाहेर ओट्यावर न्यावं. दुकान महामार्ग ५२ ला लागून, त्यात अंकुशनगरच्या कारखान्याचा गळीत हंगाम म्हटल्यावर उसाच्या ट्रॉल्या. आतली धूळ फडक्याने निघत नाही, ब्लोअरच लागतो. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरावीत. धुळीखाली पालीची अंडी, बडीशेप आणि उत्पन्नाच्या दाखल्याची जुनी पावती निघते. पावती अप्पा जपून खिशात घालतात.

आता कामाचं. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवावं, अंगातली स्थिर वीज उतरते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नये. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ भोकांशी जुळवून घ्यावेत, एखादा जास्तीचा राहिला तर शॉर्ट होतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. दाबू नये. सॉकेटातल्या पिना केसाहून नाजूक. नंतर खटका खाली ओढताना कर्रकन आवाज होतो. याच क्षणी मोबाइलची बॅटरी धरून उभे असलेले अप्पा ती आपल्या डोळ्यांवर मारतात आणि विचारतात, "मोडला का रे?" मोडलेला नसतो. तो असाच वाजतो. थर्मल पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. अप्पांचा आग्रह असतो की पैसे दिलेत तर ट्यूब संपव.

नियम शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही: बोर्ड घेताना त्याच्या मागे जुनं, पंचवीस छिद्रांचं पॅरलल पोर्ट आहे का ते पाहावं. नसतंच. अप्पांच्या श्रीलिपीचं डोंगल त्याच पोर्टात बसतं. यूएसबीची कन्व्हर्टर केबल प्रिंटरला चालते, डोंगलला बहुतेक चालत नाही. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड वेगळं घालावं, आणि डोंगलला त्याचा पत्ता सापडेपर्यंत झगडावं. "युनिकोड शिका की आता," असं मीही म्हणतो. पण या माणसाने अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका त्या कीबोर्डवर लावल्यात. मामांची आणि कार्यवाहकांची सव्वाशे नावं मानपानाच्या क्रमाने, कीबोर्डकडे न बघता. कुणाचं नाव वर गेलं आणि कुणाचं राहिलं, यावरून रुसलेले पाहुणे त्यांनीच समजावलेत. त्यांच्यासाठी एक कार्ड घालायला काय जातं?

बटण दाबलं. दहा-बारा सेकंदांत विंडोज आली. अप्पांनी उदबत्ती ओवाळली, ठशाच्या मशीनचे ड्रायव्हर टाकून होईस्तोवर चहा मागवला आणि खुर्ची ओढून सातबारा उघडायला घेतला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. बाहेर विम्यासाठी आलेली माणसं दारातून वाकून बघत होती.

अप्पांनी चष्मा पुसला. "मॉनिटर बदलून बघायचा का?"